सोलापूरच्या माळावर गाडीतला मुक्काम आणि पक्षीनिरीक्षण : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ॲरिझोनाच्या वाळवंटात घराएवढी गाडी उभी करून हिवाळाभर राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ आता सोलापुरातही आवडीने पाहिले जातात. ‘आपल्याकडं असं कुठं करता येईल का?’ असं मला अनेक जण विचारतात. येतं की. आपल्याकडे वाळवंट नाही, पण शहराची वेस ओलांडली की अर्ध्या तासात माळरान लागतं. वर्षाला सरासरी ५५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मधूनच एखादं हिवर नाहीतर बोर. पक्षी बघायला निघालेल्या माणसासाठी महाराष्ट्रात यासारखी जागा थोडीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं, त्यामुळे गाडीतला मुक्काम ही आता निव्वळ हौशी लोकांची लहर राहिलेली नाही. मोठी कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्या, नाहीतर घरची ईको, बोलेरो, एर्टिगा काढा. पुढचं सगळं दोन्हींना लागू आहे.

आधी जमीन समजून घ्या

व्हिडिओत दिसतं त्या अमेरिकेतल्या सरकारी वाळवंटी जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट तळ ठोकता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही. इथे मोकळं दिसणारं प्रत्येक रान कुणाचं तरी असतं. गावाचं गायरान, वन विभागाचं क्षेत्र, पाटबंधारे खात्याची तलावाकाठची जमीन, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची पड. कुंपण नाही म्हणजे मालक नाही, असं कधीच समजू नका.

याहून मोठी गोष्ट पुढची आहे. जंगलात पक्षी झाडावर राहतात, माळावर ते जमिनीवर राहतात. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी, तित्तिर, करवानक, रातवा हे सगळे अंडी घालतात ती उघड्या मुरमावर किंवा गवताच्या बुडाशी. माळटिटवीचं घरटं एकदा नीट पाहा म्हणजे कळेल. घरटं म्हणजे चार खड्यांमधला जेमतेम खळगा. त्यात बहुधा चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळवलेली, मातकट रंगावर काळपट ठिपके. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. अशा ठिकाणी गाडीच्या चाकाखाली काय गेलं, हे ड्रायव्हरला कधीच कळणार नाही. हिवाळ्यात येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षीसुद्धा रात्री गवतातच उतरून झोपतात. म्हणून या लेखातला एकच नियम पाळायचा असेल तर तो हा पाळा : गाडी चाकोरीतून बाहेर काढायची नाही. आधीची चाकं जिथून गेली आहेत तिथूनच जायचं, वळायचं तेही तिथेच, आणि मुक्कामाला थांबायचं ते गवत नसलेल्या तुडवलेल्या जागेवर.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये गवत उंच आणि हिरवं असतं, त्यात पक्षी दिसत नाहीत आणि काळी जमीनही ओली असते. डिसेंबरपासून गवत वाळून आडवं होतं, पाहुणे पक्षी स्थिरावलेले असतात आणि रात्री गाडीत पंख्याविना झोप लागते. पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा सोलापुरी चादर प्रत्येकी एक नाही, दोन घ्या. मार्च लागला की दुपारी गाडीच्या टपावर हात ठेववत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो, त्यात भर म्हणून संध्याकाळी वळवाची वावटळ आणि विजा. नवख्याने त्या महिन्यांच्या वाटेला जाऊ नये.

सणांचं कॅलेंडरही जवळ ठेवा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, शहरातून मोठी गाडी काढणं तेव्हा अवघड जातं. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांनी तो रस्ता फुलून जातो आणि वाहतूक वळवतात. कार्तिकीला पंढरपूरच्या बाजूला जाऊ नका, म्हणजे गाडी घेऊन जाऊ नका. दर्शनाला अवश्य जा.

गाडीची तयारी

पहिल्या खेपेला गाडीत काहीही कापू-जोडू नका. मागची सीट पाडा, त्यावर १२ मिलीमीटरचा प्लायवूड दोन तुकड्यांत टाका, वर गादी. झालं. सीट कायमची काढणं, टप उंचावणं, पक्कं फर्निचर बसवणं हे सगळं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनातला बदल ठरू शकतं. त्याला आरटीओची परवानगी लागते आणि ती नसेल तर विम्याच्या दाव्यावेळी त्रास होतो. दोन-तीन मुक्काम करून आपल्याला हे आवडतंय का ते बघा, मग खर्चाचा विचार करा.

टायरकडे मात्र कंजुषी नको. माळावर पंक्चर होतं ते खिळ्याने नाही, बाभळीच्या काट्याने. वाळलेली फांदी चाकोरीत पडलेली असते आणि काटा वीतभर अंतरावरूनही दिसत नाही. ट्यूबलेस टायरसाठी पंक्चरचा संच, १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, हवा भरलेली स्टेपनी, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीरुंदीचा जाड फळीचा तुकडा एवढं हवंच. फळी नसेल तर भुसभुशीत जमिनीत गाडी उचलण्याऐवजी जॅकच खाली जातो.

आता काळ्या जमिनीबद्दल. सोलापुरात मुरूम आणि काळी रानं एकमेकांना खेटून आहेत. मुरमाडावर पाऊस पडला तरी तासाभरात गाडी चालते. काळ्या रानात हलकी सर आली तरी चिखल टायरला चिकटत जातो, चिकटत जातो आणि शेवटी मडगार्डमध्ये भरून चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, गाडी आणखी खोल जाते. इंजिन बंद करा आणि गावातून ट्रॅक्टर बोलवा. ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल आणि त्याची खोटी झालेली कामं यांचे पैसे न मागता द्या. पुढच्या वेळी त्याच गावात तुमचं स्वागत कसं होईल, ते यावर ठरतं.

आणि रात्रीचा प्रवास टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात रस्त्याने चाललेले असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नाही की चमकपट्टी नाही. सूर्य मावळायच्या आधी मुक्कामाच्या जागी पोचणं हेच बरं.

वीज, पाणी आणि सकाळचा प्रश्न

विजेचा हिशोब घरीच करा. छोटा १२ व्होल्टचा पंखा १५ वॅटचा धरला तर रात्रभरात दीडशे वॅट-तास खातो. दिवा आणि तीन-चार मोबाईल मिळून आणखी शंभर. म्हणजे दिवसाला अडीचशे. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत बाराशे वॅट-तास असतात. साधी शिशाची बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. तरी दोन रात्री आरामात निघतात. टपावर १०० वॅटचं सोलर पॅनल टाकलं तर सोलापूरच्या उन्हात रोजचा खर्च रोज भरून निघतो. फ्रिज घेतला की हे गणित दुपटीच्या पलीकडे जातं, म्हणून पहिल्या वेळी नको. गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर काहीही चालवू नका. सकाळी स्टार्टरचा नुसता टक्‌टक्‌ आवाज येईल.

इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं आणि थंडी आहे म्हणून गाडीत शेगडी पेटवणं, या दोन गोष्टी जिवावर बेततात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. स्वयंपाक बाहेरच करायचा. दोन काचा बोटभर खाली ठेवायच्या आणि त्यांना आतून मच्छरदाणीचं कापड लावायचं.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-रांधण्यासाठी आणि तेवढंच वरकामासाठी धरा. वीस लिटरचे जार शहरातून भरून न्या. गावच्या नळावर किंवा हापशावर जाऊन कॅन भरू नका. इथल्या कितीतरी गावांत उन्हाळ्याची चाहूल लागताच टँकरची वाट पाहिली जाते, आणि शहरातसुद्धा नळाला रोज पाणी येत नाही. प्यायला तांब्याभर मागितलं तर कुणीही देईल, गूळसुद्धा देईल. टाकी भरायला मागणं वेगळं.

शौचाची सोय गाडीतच असावी, यावर मी ठाम आहे. घट्ट झाकणाची बादली, तिच्यात बसणारी जाड पिशवी आणि सॉ मिलमधून आणलेला लाकडाचा भुसा. प्रत्येक वेळी वरून दोन मुठी भुसा टाकला की वास येत नाही. कुणाच्या रानाच्या बांधावर, ओढ्यात किंवा तलावाकाठी बसायचं नाही. पहाटे त्याच बांधावरून बायका खुरपणीला जात असतात. बादली घरी आणून रिकामी करायची. ओले रुमाल, डायपर, शाम्पूच्या पुड्याही परत आणायच्या. साबणाचं पाणी तलावात सोडायचं नाही.

खाण्याची चिंता सोलापूरकराला नसावी. ज्वारीची कडक भाकरी आठवडाभर काही होत नाही, सोबत शेंगाची चटणी आणि दही. धपाटी दोन दिवस टिकतात. बरोबर एवढं असेल तर गॅस फक्त चहापुरता लागतो. शेकोटी मात्र नको. डिसेंबरनंतरचं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वाऱ्यावर असलेली आग दोन-चार माणसांना आवरत नाही. वन विभाग दर वर्षी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा, आखतो तो यासाठीच.

रात्री थांबायचं कुठे

नवख्यांसाठी माझा क्रम ठरलेला आहे : आधी कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची वस्ती, मग देवस्थानाचं भक्तनिवास किंवा महामार्गावरचा मोठा ढाबा अथवा पेट्रोल पंप, आणि अनुभव आल्यावर एखाद्याची पडीक जमीन, तीही विचारून. तलावाच्या काठावर एकटी गाडी लावून झोपू नका.

विचारायचं असेल तर दुपारी चारच्या सुमारास वस्तीवर जा. काच खाली करून गाडीतूनच ओरडायचं नाही, उतरायचं. साधं बोलायचं.

“मामा, आजची रात गाडी हितं लावली तर चालंल का? सकाळी पाखरं बघून जातो.”

“लावा की. पर त्या हरभऱ्यात घालू नका, अन् कुत्रं हाय, रातच्याला उतरताना हाक द्या.”

एवढ्यात काम होतं. कोण, कुठले, किती जण हे त्यांनी विचारलं तर राग मानू नका, गाडीचा नंबर आपणहून लिहून द्या. शक्य असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला. चोरांच्या भीतीने गावं रात्री जागती असतात, अनोळखी गाडी दिसली की शंका येणारच. मोठ्याने गाणी, दारू आणि फ्लड लाइट हे तिन्ही नकोत. निघताना घरच्या माणसाच्या हातात पैसे कोंबू नका. त्यांच्याकडची ज्वारी, हरभरा, बोरं, द्राक्षं योग्य भावाने विकत घ्या.

गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करा. माळावर संध्याकाळी वारा जोरात सुटतो आणि आडव्या वाऱ्यात गाडी रात्रभर हलत राहते. ओढ्याच्या पात्रात आणि एकट्या झाडाखाली गाडी नको.

नान्नज

बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून साधारण २० किलोमीटरवर नान्नज. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झालं. तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठं होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं होतं. पुढे ते बरंच कमी करण्यात आलं. प्रत्यक्षात आपण बघायला जातो ते गवताचे राखलेले तुकडे, आणि त्यांच्या कुशीला द्राक्षबागा. सोनाका हे द्राक्षाचं वाणही नान्नजचंच.

माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते. माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजनामुळे ऐन वेळी वळताही येत नाही, त्यामुळे तारांना धडकून तो मरतो. आता रानात जगभरात मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास उरले, तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला त्याचं दर्शन अतिशय दुर्मीळ झालं आहे. तरीही त्याच्या नावाने हा माळ राखला गेला आणि त्याच्या आधाराने बाकीचं सगळं टिकलं. मला त्याबद्दल त्या पक्ष्याचे उपकार वाटतात.

वन विभागाच्या कार्यालयात नोंद करा, शुल्क भरा आणि स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्या. अभयारण्यात रात्रीचा मुक्काम करता येत नाही, ड्रोन उडवता येत नाही. मुक्काम बाहेर गावाच्या बाजूला करायचा आणि उजाडताना फाटकावर हजर व्हायचं. सूर्योदयापासूनचे दोन-अडीच तास खरे. नंतर उन्हाने हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीत सगळं पुसट होतं.

बघायचं काय? काळवीट हमखास दिसतील. लांडगा नशिबात असेल तर. पाखरांत सुरुवात चंडोलांपासून करा, कारण तेच सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत अवघड. त्यातल्या त्यात डोंबारी ओळखायला सोपा. नर सरळ वर उडतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या जरा वर पुन्हा उसळी घेतो. तारांवर आणि बोरीच्या शेंड्यावर खाटीक, गप्पीदास, नीलपंख बसलेले असतात. धाविक हवा असेल तर चरून मोकळ्या झालेल्या खुरट्या जागेवर नजर ठेवा. तो चार-पाच पावलं भरभर पळतो, एकदम थबकतो, मान ताठ करतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा पळतो. तुमच्या डोळ्यांना हालचाल कळते ती पळताना, तो थांबला की मातीत मिसळून जातो. म्हणून तो जिथे थांबला तिथला एखादा दगड मनात धरून मग दुर्बीण लावा.

संध्याकाळ भोवत्यांसाठी राखा. दिवसभर रानोमाळ उंदीर आणि नाकतोडे धरत फिरलेले हे पक्षी तिन्हीसांजेला गवताच्या ठरावीक पट्ट्यावर जमतात. लांब पंख जरासे वर धरून, गवताला पोट लागेल इतके खालून तरंगत येतात, एक-दोन घिरट्या घालतात आणि एकाएकी गवतात उतरतात. नर पांढुरका भोवत्या त्या उजेडात जवळजवळ पांढरा दिसतो. हे दुरूनच बघायचं. एकदा ते उतरले की त्या बाजूला टॉर्च, हेडलाइट, चालत जाणं काही नको. रात्री उठवलेल्या पक्ष्याला अंधारात पुन्हा बसायला जागा मिळत नाही आणि कोल्हा-लांडग्यांचा धोका वाढतो.

गाडी हाच इथला उत्तम आडोसा आहे, हे लक्षात ठेवा. माणूस चालत दिसला की काळवीट दोनशे मीटरवरून पळतं, तेच उभ्या गाडीला फारसं बिचकत नाही. रस्त्यावर कडेला थांबा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि दहा मिनिटं काही करू नका. कॅमेऱ्यासाठी जुन्या पँटच्या पायात किलोभर ज्वारी भरून शिवून टाका आणि ती पिशवी दाराच्या काचेवर ठेवा, लेन्स हलत नाही. दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलीमीटर भिंगाची पुरते. मोबाईलवर पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप आणि त्यातला भारताचा संच घरीच उतरवून ठेवा, रेंज नसली तरी चालतो. मात्र आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवू नका.

हिप्परगा आणि शहरातले तलाव

ज्यांना अजून गाडीत झोपायचा धीर होत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. तुळजापूर रस्त्यावर शहराला लागूनच हिप्परग्याचा तलाव आहे, जुन्या कागदपत्रांत त्याचं नाव एकरुख. इंग्रजांच्या काळात, १८७१ च्या सुमारास तो बांधून पुरा झाला. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, हळदी-कुंकू बदक, चक्रवाक, आणि पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे पसरलेले वारकरी. उथळ कडेला शेकाटे, तुतवार, चित्रबलाक. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, एवढंच सांगणं आहे. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव आणि त्याच्याजवळची झाडी एका सकाळीत होते. सिद्धेश्वर तलावावर तर देवदर्शन करता करता पाणकावळे आणि खंड्या दिसतात.

उजनीचा फुगवटा

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठवण साधारण ११७ टीएमसी, आणि फुगवटा सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेला. बहुतेक जण पुणे महामार्गाने दीडशे किलोमीटर जाऊन भिगवण, डिकसळ, कुंभारगाव गाठतात. सोलापूरकरांनी टेंभुर्णीहून जेऊरमार्गे करमाळा तालुक्यातल्या केत्तूरची बाजूही बघावी. गर्दी कमी असते.

इथे जाण्याआधी बातम्यांत धरणाची टक्केवारी बघा. रोहित पक्ष्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो, चोच उलटी बुडवून तो त्यातले बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर उथळ जागाच उरत नाही, मग पक्षी उशिरा येतात आणि विखुरतात. पाणी ओसरायला लागलं, चिखलाचे पट्टे उघडे पडले की थव्यांची गर्दी होते. साधारण जानेवारी अखेर ते मार्च हा माझ्या मते उजनीचा काळ. पट्टकादंब मात्र आधी बघून घ्या, उन्हं तापायला लागली की ते उत्तरेकडे निघतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस हिमालय ओलांडून येतो आणि दिवसा काठावरच्या हिरव्या गवतात गायीगुरांच्या शेजारी चरतो. पाण्यावर नदी सुरय, आणि बुडालेल्या झाडाच्या वठलेल्या फांदीवर मासा धरून बसलेला कैकर.

फुगवट्याकाठी गाडी नेण्याचा मोह फार होतो. जमीन वरून वाळलेली, भेगा पडलेली दिसते, पण पापुद्र्याखाली श्रीखंडासारखा गाळ असतो आणि गाडी थेट चेसिसवर बसते. शिवाय त्या ओल्या गाळात लोकांनी गाळपेराची पिकं घेतलेली असतात. गाडी गावात ठेवा, काठापर्यंत चालत जा.

बोटीत बसाल तर लाइफ जॅकेट अंगात घालून, बांधून. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वारा उठला, पाण्यावर फेस दिसायला लागला की नावाड्याला परत फिरायला सांगा. आणि थवा उडवून दाखव असं कधीही म्हणू नका. उडण्यात त्या पक्ष्यांची लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद खर्च होते. नावाडी बहुतेक मच्छीमार कुटुंबातले असतात, त्यांना पक्षी चांगले माहीत आहेत. ‘लांबच थांबवा, दादा’ असं गिऱ्हाईकच म्हणालं तर त्यांनाही बरं वाटतं.

ज्वारीच्या रानातली पळसमैना

याला तिकीट नाही, फाटक नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मंगळवेढा, मोहोळ, बार्शीच्या बाजूला मालदांडी ज्वारी हुरड्यावर येते आणि पळसमैनांचे, म्हणजे भोरड्यांचे थवे उतरतात. संध्याकाळी झोपायला जाण्याआधी हजारोंनी आकाशात एकत्र वळतात. शेतकऱ्याला मात्र त्या नकोशा असतात, तो मचाणावर उभा राहून डबा बडवत असतो. त्याच्या रानात न शिरता रस्त्यावरून बघा. याच पाखरांनी एरवी नाकतोडे आणि अळ्याही वेचलेल्या असतात, हे त्याला माहीत असतं, आपण शिकवायला जाऊ नये.

साप, विंचू, आजारपण

घोणस, फुरसे, नाग, मण्यार चारही या भागात आहेत. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला, रात्री टॉर्चशिवाय पाय खाली टाकू नका, बूट बाहेर ठेवले असतील तर झटकून घाला, दगड उचलून बघू नका. दंश झालाच तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं काही नाही. माणसाला आडवं करा, दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून थेट सोलापूरच्या सिव्हिलला किंवा सर्पविषावरचं इंजेक्शन असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. पोलिसांसाठी ११२, जखमी वन्यजीव दिसला तर वन विभागाचा १९२६. मोज्यात आणि पँटच्या कडेला कुसळं शिरतील, त्यासाठी चिमटा बाळगा.

पहिली फेरी अशी करा

शनिवारी दुपारी दोनला निघा. तीन-साडेतीनपर्यंत नान्नजच्या बाजूला आधी ठरवलेल्या वस्तीवर किंवा कृषी पर्यटन केंद्रावर पोचा, गाडी लावा, रात्रीचं सामान हाताशी काढून ठेवा. अंधारात शोधाशोध करताना सगळी गाडी उलटीपालटी होते. साडेपाचला रस्त्यावरूनच भोवते बघा. आठला जेवण, नऊला झोप. पहाटे पाचला उठून चहा, साडेसहाच्या आत अभयारण्याच्या फाटकावर. नऊ-साडेनऊला परत येऊन भाकरी खा, मग आवरायला घ्या.

निघण्याआधी गाडी दहा फूट पुढे घ्या आणि ती उभी होती ती जागा वाकून बघा. खिळा, बाटलीचं झाकण, चिमूटभर सांडलेला फरसाण, सगळं उचला. फरसाण उचलायचं ते कुत्र्यांसाठी. खाण्याच्या वासाने गावची कुत्री माळावर येतात, आणि जमिनीवरची अंडी-पिल्लं संपवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परत येताना वाटेत हिप्परग्याला अर्धा तास थांबता येईल. घरी पोचल्यावर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी, ठिकाण आणि वेळेसकट ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. नक्की ओळख न पटलेला पक्षी यादीत घालू नका, त्याचा फोटो एखाद्या जाणकाराला दाखवा आणि मगच नाव लिहा.